आयओटी उपकरणांची चाचणी आणि इंटरऑपरेबिलिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयओटी (इंटरनेट ऑफ थिंग्ज), म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारी उपकरणं बनवणारे, ती बसवून देणारे आणि त्यांची चाचणी घेणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे कुठेतरी अडलेल्यांचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोबाइल ॲप आणि सर्व्हर दोन्ही नीट तपासले आहेत. मग आयओटीसाठी वेगळी चाचणी कशाला?

कारण बहुतेक बिघाड ना ॲपमध्ये असतात ना सर्व्हरमध्ये. ते मधल्या सांध्यांमध्ये असतात. साधा दिवा घ्या. फोनवर बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत तो हुकूम फोन, राउटर, क्लाउड, पुन्हा राउटर, गेटवे (उपकरणांना इंटरनेटशी जोडणारा डबा), रेडिओ आणि शेवटी दिव्यातलं फर्मवेअर (उपकरणातच बसवलेलं सॉफ्टवेअर) असा प्रवास करतो. यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या लोकांनी, वेगळ्या काळात, वेगळी गृहीतकं धरून लिहिलेला असतो.

शिवाय उपकरण स्वतःच तोकडं असतं. आरएफसी (इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवज) ७२२८ या २०१४ च्या दस्तऐवजात अशा उपकरणांचे वर्ग केले आहेत. त्यातल्या वर्ग १ च्या उपकरणाकडे साधारण १० किलोबाइट रॅम आणि १०० किलोबाइट कोडची जागा असते. पडदा नाही, कीबोर्ड नाही, आणि 'बंद करून पुन्हा चालू करा' असं सांगायला जवळ माणूस असेलच असं नाही. ते छताला किंवा भिंतीत बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

२. इंटरऑपरेबिलिटी म्हणजे नक्की काय? उपकरण 'कनेक्टेड' दाखवतंय, एवढं पुरेसं नाही का?

'कनेक्टेड' म्हणजे फक्त ओळख झाली. इंटरऑपरेबिलिटी म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळून नीट काम करणं. जुळण्याच्या चार पायऱ्या धरल्या तर विचार करणं सोपं जातं. पहिली पायरी रेडिओची किंवा तारेची: एकाचा सिग्नल दुसऱ्याला ऐकू येतो. दुसरी मांडणीची: आलेल्या पॅकेटचे भाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळतं. तिसरी अर्थाची: '२१' म्हणजे २१ अंश सेल्सिअस हे दोघांनाही मान्य आहे. चौथी वागणुकीची: उत्तर किती वेळात द्यायचं, नाही आलं तर किती वेळा पुन्हा विचारायचं, वीज जाऊन आल्यावर दिवा पेटलेला असावा की विझलेला.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी तयार साधनं भरपूर आहेत, म्हणून चाचणीचा बहुतेक वेळ तिथेच जातो. घोडं अडतं ते तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. तिसऱ्या पायरीबद्दल प्रश्न ७ पाहा, चौथीबद्दल ११ आणि १६.

३. दोन्ही उपकरणांवर एकाच मानकाचा शिक्का आहे. तरी ती एकमेकांशी का जमत नाहीत?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि त्यामागचा वैतागही मला समजतो.

प्रमाणपत्र मिळतं ते बहुतांशी अनुरूपता चाचणीवर, म्हणजे एक उपकरण मानकाच्या दस्तऐवजाशी ताडून पाहिल्यावर. इंटरऑपरेबिलिटी चाचणीत दोन खरी उपकरणं समोरासमोर येतात. पहिली पार पडली म्हणून दुसरी पार पडेलच असं नसतं. मानकात 'हे करायलाच हवं' अशी कलमं असतात तशी 'हे करता येईल' अशीही असतात. एका कंपनीने ऐच्छिक भाग घेतला, दुसरीने सोडला. दोघीही नियमात बसतात आणि दोघींचं जमत नाही. झिगबी या कमी विजेच्या रेडिओ मानकात ३.० आवृत्ती येईपर्यंत घरगुती ऑटोमेशनसाठी एक प्रोफाइल (नियमांचा संच) होतं आणि दिव्यांसाठी दुसरं. दोन्हींवर झिगबीचंच नाव, पण एका प्रोफाइलचा स्विच दुसऱ्या प्रोफाइलचा दिवा लावेल याची खात्री नव्हती.

याच्या उलट एक फसवणूकही होते. दोन कंपन्यांनी एकाच एसडीकेवर (तयार सॉफ्टवेअर संचावर) उपकरणं बांधली असतील तर ती छान जमतात, कारण चूकही दोघांकडे सारखीच असते. तिसरी कंपनी मानक वाचून स्वतःचा कोड लिहून येते तेव्हा ती चूक उघडी पडते, आणि दोष मात्र नव्याने आलेल्यावर जातो. म्हणून इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने १९९६ च्या आरएफसी २०२६ मध्ये मानकाच्या पुढच्या टप्प्यासाठी अट घातली होती की वेगवेगळ्या कोडवर उभ्या असलेल्या, एकमेकांशी जमणाऱ्या किमान दोन स्वतंत्र अंमलबजावण्या हव्यात. तुमच्या चाचणीतही समोरचं उपकरण तुमच्याच एसडीकेवरचं नाही ना, हे आधी पाहा.

युरोपातली एत्सी ही मानक संस्था 'प्लगटेस्ट' भरवते. तिथे कंपन्या आपापली उपकरणं आणून एकमेकांशी जोडून पाहतात. अशा ठिकाणी जायची संधी मिळाली तर सोडू नका. दोन दिवसांत जे कळतं ते टेबलावर एकट्याने बसून महिन्याभरातही कळत नाही.

४. आता मॅटर आलं आहे. मग हा सगळा प्रश्न सुटला नाही का?

बराच हलका झाला, सुटला नाही. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट घरातली उपकरणं जुळावीत म्हणून केलेलं समाईक मानक. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि तेव्हाची झिगबी अलायन्स यांनी डिसेंबर २०१९ मध्ये हा प्रकल्प जाहीर केला आणि मॅटर १.० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. ते आयपीव्ही६ या इंटरनेट प्रोटोकॉलवर चालतं, वाय-फाय किंवा थ्रेड या कमी विजेच्या रेडिओ नेटवर्कवरून बोलतं आणि पहिल्यांदा जोडताना ब्लूटूथ वापरतं. उपकरणांचे प्रकार आणि त्यांचे गुणधर्म मानकातच ठरलेले असल्यामुळे अर्थाच्या पायरीवरचा बराच गोंधळ गेला.

उरलं ते असं. उपकरणांचे प्रकार टप्प्याटप्प्याने येतात. सफाई करणारे रोबो आणि फ्रिज ऑक्टोबर २०२३ च्या १.२ आवृत्तीत आले. तुमचा कंट्रोलर (उपकरणांना हुकूम देणारा हब किंवा ॲप) जुन्या आवृत्तीवर असेल तर उपकरण जोडलं जाईल, पण ॲपमध्ये त्याचं काय करायचं हे कंट्रोलरला ठाऊक नसेल. दुसरं, थ्रेडमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर (थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारे) एकाच घरात आपापलं वेगळं नेटवर्क उभं करायचे. असलेल्या नेटवर्कमध्ये सामील होण्याची प्रमाणित पद्धत सप्टेंबर २०२४ च्या थ्रेड १.४ मध्ये आली, पण आधी विकलेली उपकरणं अजून वापरात आहेत. तिसरं, एका उपकरणावर अनेक कंट्रोलरचा ताबा असू शकतो. मानकानुसार किमान ५ स्वतंत्र फॅब्रिक, म्हणजे अशा ताब्याची वेगवेगळी जाळी, सांभाळता यायला हवीत. तुमची चाचणी बहुधा एकाच फॅब्रिकवर होते. पाचही भरा आणि मग रॅम किती उरते ते मोजा. दोन कंट्रोलरमधल्या ओढाताणीबद्दल प्रश्न २१ पाहा.

५. आमची टीम तीन जणांची आहे. सुरुवात कुठून करू?

एका कागदावर सांधे काढा: कोण कोणाशी बोलतं आणि कोणत्या भाषेत. मग प्रत्येक सांध्यावर पाच गोष्टी करून पाहा. कोरं उपकरण पहिल्यांदा जोडणं, मध्येच वीज तोडणं, वीज चालू ठेवून फक्त नेटवर्क तोडणं आणि परत देणं, अपडेट करणं, आणि काहीही न करता सलग आठवडाभर चालू ठेवणं. शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत जास्त वगळली जाते. मेमरीची गळती, भरत गेलेले लॉग, मुदत संपलेली सत्रं हे सगळं वेळ गेल्यावरच दिसतं.

स्वयंचलित चाचण्या नंतर लिहा. आधी वीज चालू-बंद करणारा एक रिले आणि तो चालवणारी छोटी स्क्रिप्ट करा. एवढ्या एका साधनाने रात्रभरात शेकडो वेळा वीज तोडून पाहता येते.

६. दोन्ही बाजू एमक्यूटीटी बोलतात, तरी एकमेकांचं काहीच कळत नाही. असं कसं?

एमक्यूटीटी (उपकरणांमधले संदेश पोचवण्याची पद्धत) पाकीट पोचवतं; आतल्या पत्राची भाषा ठरवत नाही. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलवाहिन्यांची माहिती उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरून पाठवण्यासाठी तयार केलं, आणि संदेशात काय असावं हे मुद्दाम मोकळं सोडलं. टॉपिकची (संदेशांच्या विषयांची) नावं, जेसन (मजकुरातली मांडणी) की बायनरी, एककं हे सगळं तुम्हीच ठरवायचं असतं. ते लेखी ठरवा आणि त्याची स्कीमा (मांडणीचा नमुना) करून प्रत्येक संदेश तिच्याशी ताडून पाहा. स्वतःची भाषा घडवण्याआधी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचं 'थिंग डिस्क्रिप्शन' आणि सेन्सरच्या मापांसाठीचं सेनएमएल, म्हणजे आरएफसी ८४२८, एकदा जरूर पाहा.

७. आकडा येतो, पण चुकीचा येतो. कधी शून्य, कधी काहीच्या बाही. सेन्सर खराब आहे का?

सेन्सर बदलण्याआधी बाइट पाहा. बहुतेक वेळा पाणी तिथेच मुरत असतं.

मॉडबस हा यंत्रांमधल्या संवादाचा प्रोटोकॉल १९७९ चा आहे आणि आजही कारखान्यांत सर्रास वापरला जातो. त्याचं रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) १६ बिटांचं. ३२ बिटांचा आकडा पाठवायला दोन रजिस्टरं लागतात, आणि त्यातलं आधी कोणतं हे मानकात ठरलेलं नाही. २५.० हा आकडा फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवण्याच्या पद्धतीत) ४१सी८ आणि ०००० अशा दोन भागांत जातो. समोरच्याने भाग उलटे जोडले तर जवळजवळ शून्य एवढी अतिसूक्ष्म संख्या मिळते, आणि पडद्यावर ० दिसतं. लोक याला 'सेन्सर बंद आहे' समजतात. त्यातच रजिस्टरचे क्रमांक माहितीपत्रकात एकपासून आणि प्रत्यक्ष तारेवर शून्यापासून मोजले जातात, त्यामुळे शेजारच्या रजिस्टरचा आकडा वाचला जातो. म्हणून चाचणीत शून्य किंवा २५.० असे गुळगुळीत आकडे वापरू नका. ज्याचे चारही बाइट वेगवेगळे आहेत आणि एकही शून्य नाही असा आकडा घ्या. क्रम चुकला की लगेच दिसतो.

दुसरं पाणी चिन्हात मुरतं. तापमान दहापट करून १६ बिटांत पाठवलं, तर उणे ०.५ अंश म्हणजे -५. समोरच्याने चिन्ह धरलं नाही तर ते ६५५३१ होतं आणि पडद्यावर ६५५३.१ अंश दिसतात. प्रयोगशाळेत तापमान शून्याखाली जात नाही, म्हणून हा बग थंडीत, ग्राहकाकडे निघतो. मी असा एक बग शीतगृहाच्या सेन्सरमध्ये पाहिला आहे. सहा महिने सगळं सुरळीत होतं, कारण तोवर कोणी गोठणबिंदूखाली तापमान नेलंच नव्हतं.

तिसरं जेसनमध्ये. जेसनच्या संख्या अनेक ठिकाणी ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये वाचल्या जातात. त्यात ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ पर्यंतच सगळे पूर्णांक अचूक राहतात. उपकरणाचा ६४ बिटांचा ओळख क्रमांक संख्या म्हणून पाठवलात तर शेवटचे अंक बदलतात आणि दोन उपकरणं एकच दिसू शकतात. ओळख क्रमांक नेहमी मजकूर म्हणून पाठवा.

एककांची चूक किती महाग पडते याचं सर्वांत ठळक उदाहरण १९९९ मधलं. एका बाजूच्या सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदात आकडे दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले, आणि नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमवावं लागलं. दोन्ही बाजूंची गणितं आपापल्या जागी बरोबर होती. म्हणून एकक संदेशातच लिहा. दस्तऐवजात लिहिलं आहे यावर विसंबू नका.

८. फोन, राउटर, गेटवे, फर्मवेअर, सगळ्यांच्या आवृत्त्या धरल्या तर हजारो जोड्या होतात. सगळ्या तपासायच्या का?

नाही, आणि शक्यही नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेत रिक कून आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष सॉफ्टवेअरमधल्या बिघाडांचा अभ्यास केला. बहुतेक बिघाड एका किंवा दोन घटकांच्या संयोगाने होतात असं त्यांना आढळलं. सहाहून अधिक घटक एकत्र आल्याशिवाय होत नाही असा बिघाड त्यांना सापडला नाही. यावरून जोडीनिहाय चाचणीला आधार मिळतो. चालू-बंद अशा १० सेटिंगचे एकूण १०२४ संयोग होतात. पण कोणत्याही दोन सेटिंगची प्रत्येक जोडी एकदा तरी यावी एवढंच हवं असेल तर ६ चाचण्यांत भागतं, आणि कोणत्याही तिघांसाठी १३ मध्ये. निस्टचं एसीटीएस हे मोफत साधन असे संच काढून देतं.

पण हा संच आंधळेपणाने वापरू नका. ग्राहकांकडे सर्वाधिक दिसणाऱ्या चार-पाच जुळण्या पूर्ण तपासा आणि उरलेल्यांना जोडीनिहाय पद्धत लावा. आणि वेळेचा क्रम, म्हणजे आधी गेटवे चालू झाला की आधी सेन्सर, हाही एक घटक म्हणून यादीत घाला.

९. सिम्युलेटरवर किती भिस्त ठेवावी?

तर्कासाठी आणि संख्येसाठी भरपूर. क्यूईएमयू किंवा रेनोडवर खरं फर्मवेअर हार्डवेअरशिवाय चालवता येतं, कॉन्टिकीच्या कूजात अनेक नोडचं नेटवर्क टेबलावर उभं करता येतं, आणि लिनक्सवरच्या नेटेमने पॅकेट उशिरा पोचवता किंवा हरवता येतात. रोजच्या बिल्डसाठी हे उत्तम.

रेडिओचे परावर्तन, अँटेनाजवळचा धातू, उतरत जाणारा बॅटरीचा व्होल्टेज, झिजणारी फ्लॅश मेमरी या गोष्टी मात्र तिथे दिसत नाहीत. मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशचं एक पान साधारण १०,००० वेळा पुसता येतं असं अनेक माहितीपत्रकांत दिलेलं असतं. फर्मवेअर दर मिनिटाला एकाच पानावर अवस्था लिहीत असेल तर ही मर्यादा सात दिवसांत गाठली जाते. सिम्युलेटरवरचं तेच फर्मवेअर वर्षभर हसत चालेल.

१०. आमच्याकडे चालतं, ग्राहकाकडे बंद पडतं. काय पाहू?

ग्राहकाचं नेटवर्क. तुमच्या प्रयोगशाळेत बहुधा एकच राउटर आहे, तोही चांगला.

झिगबी आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर राहतात. वाय-फायचे १, ६ आणि ११ हे चॅनल भरलेले असतील तर झिगबीच्या ११ ते २६ मधले २५ आणि २६ हे बऱ्यापैकी मोकळे राहतात. नवं उपकरण सापडत नसेल तर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेला संदेश) तपासा. एमडीएनएसची (नेटवर्कवर उपकरणं शोधण्याच्या पद्धतीची) हाक एकाच स्थानिक नेटवर्कपुरती असते. फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर आणि दिवा मुख्य वाय-फायवर असेल तर ती पोचत नाही. काही राउटर मल्टिकास्ट गाळूनही टाकतात.

थोडा वेळ गप्प राहिल्यावरच उपकरण हरवत असेल तर नॅटकडे, म्हणजे राउटरमधल्या पत्ते बदलण्याच्या सोयीकडे पाहा. आरएफसी ४७८७ सांगतं की यूडीपीची (आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीची) नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नये. प्रत्यक्षात काही राउटर ३० सेकंदांत पुसतात. कोॲप (छोट्या उपकरणांसाठीचा वेबसारखा प्रोटोकॉल) यूडीपीवर चालत असल्यामुळे त्याला हा फटका जास्त बसतो. चाचणीसाठी मुद्दाम दोन-तीन जुने, साधे राउटर बाळगा.

११. क्यूओएस २ ठेवलं की संदेश हरवणार नाही आणि दोनदा येणार नाही, बरोबर ना?

फक्त एका टप्प्यापुरतं. एमक्यूटीटीची क्यूओएस (संदेश पोचण्याच्या हमीची ०, १ किंवा २ ही पातळी) पाठवणाऱ्यापासून ब्रोकरपर्यंत (संदेश वाटणाऱ्या सर्व्हरपर्यंत) वेगळी आणि ब्रोकरपासून घेणाऱ्यापर्यंत वेगळी ठरते. तुम्ही २ ने पाठवलं आणि घेणाऱ्याने ० ने वर्गणी लावली असेल तर त्याला ० नेच मिळतं.

क्यूओएस १ मध्ये तोच संदेश दोनदा येऊ शकतो. म्हणून 'अवस्था उलट कर' असा हुकूम कधीच ठेवू नका. तो दोनदा पोचला तर दिवा लागून लगेच विझतो. 'चालू कर' हा हुकूम कितीदाही आला तरी बिघडत नाही. तसंच हुकूम 'रिटेन' करून ठेवू नका. ब्रोकर तो जपून ठेवतो आणि उपकरण कधीही पुन्हा जोडलं गेलं की हातात देतो. कालचा 'दार उघड' हा हुकूम आज पहाटे वीज आल्यावर अमलात येतो. ही चाचणी नसेल तर आजच घाला.

१२. दोन उपकरणं आळीपाळीने डिस्कनेक्ट होत राहतात. एकटं ठेवलं तर नीट चालतं.

दोघांचा क्लायंट आयडी एकच आहे. तोच आयडी घेऊन दुसरा आला की ब्रोकरने पहिल्याला काढायचं, असा एमक्यूटीटीचा नियम आहे. पहिला पुन्हा येतो, मग दुसरा जातो. कारखान्यात एकाच इमेजवरून (सॉफ्टवेअरच्या तयार छापावरून) प्रती काढताना हे घडतं.

१३. बॅटरी दोन वर्षं टिकेल हे दोन वर्षं न थांबता कसं तपासायचं?

सरासरी प्रवाह मोजून. सीआर२०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलीॲम्पिअर-तास. सरासरी ५ मायक्रोॲम्पिअर खर्च असेल तर हिशेबाने ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. सरासरी ५० झाली तर सहा महिने. हा कागदावरचा आकडा. थंडी, सेलचं वय आणि रेडिओ चालू होतानाचा झटका तो आणखी खाली आणतात.

फार कमी लोकांच्या लक्षात येतं की बॅटरी हाही इंटरऑपरेबिलिटीचाच प्रश्न आहे. झोपणारा सेन्सर आपल्या पालक-राउटरकडे ठरावीक वेळाने विचारणा करतो. दुसऱ्या कंपनीचा राउटर त्याला लवकर विसरत असेल तर सेन्सर पुन्हा पुन्हा नेटवर्कमध्ये शिरत राहतो. सगळं चालू दिसतं, कुठेही एरर नाही, आणि सेल मात्र काही आठवड्यांत संपतो. म्हणून प्रवाह मोजताना समोर दरवेळी वेगळ्या कंपनीचा राउटर ठेवा.

१४. फर्मवेअर अपडेटच्या चाचणीत काय काय हवं?

वीज कुठल्याही क्षणी जाऊ शकते, हे गृहीत धरून सुरुवात करा. प्रश्न ५ मधला रिले इथे लावा आणि अपडेटच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वीज तोडा. दोन कप्प्यांची रचना (एकात जुनं, दुसऱ्यात नवं फर्मवेअर) असेल तर उपकरण जुन्या कप्प्यावरून उठलंच पाहिजे.

मग आवृत्त्यांच्या उड्या. ग्राहक १.० वरून थेट १.७ वर जातो. मधल्या आवृत्त्या त्याने पाहिलेल्याच नसतात. नव्या फर्मवेअरने सेटिंग नव्या मांडणीत लिहिली आणि नंतर जुन्यावर परतावं लागलं, तर जुन्याला ती वाचता येतात का? इथे उपकरणं कायमची मुकी होताना मी पाहिली आहेत. गेटवे नवा आणि सेन्सर जुना ही अवस्था कित्येक महिने टिकू शकते, कारण झोपणारी उपकरणं हळू घेतात: २०० किलोबाइटची इमेज ६४ बाइटांच्या तुकड्यांत ३,२०० फेऱ्या घेते. सही आणि मॅनिफेस्ट (अपडेटचं माहितीपत्र) यांची रचना स्वतः शोधण्यापेक्षा आयईटीएफच्या 'सूट' (SUIT) नावाच्या अपडेटविषयक कामाकडे, म्हणजे २०२१ च्या आरएफसी ९०१९ कडे पाहा.

१५. एके दिवशी अचानक जुनी उपकरणं सर्व्हरशी बोलायची थांबली. कोडला कोणी हात लावला नव्हता.

तारीख पाहा. ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ या मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रं खरी मानली जातात) मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं पूर्वी त्याच्या आधारावर तपासली जात. ज्या उपकरणांतली मूळ प्रमाणपत्रांची यादी किंवा टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची) लायब्ररी जुनी होती, त्यांच्या जोडण्या तुटल्या. उपकरणाचं घड्याळ पुढे ढकलून असा दिवस आजच आणून पाहता येतो. प्रत्येक प्रमाणपत्राच्या मुदतीच्या आधीचा आणि नंतरचा दिवस, ३२ बिटांची चिन्हांकित वेळ वापरत असाल तर १९ जानेवारी २०३८ (तेव्हा ती भरून उलटते), आणि जीपीएसवरून वेळ घेत असाल तर ६ एप्रिल २०१९ ला झाला तसा १०२४ आठवड्यांचा पलटा (मोजणी पुन्हा शून्यावर येणं), हे सगळं यादीत घाला.

उलट टोकही तपासा. बॅटरीवरचं घड्याळ नसलेलं उपकरण उठतं तेव्हा त्याच्या लेखी १९७० साल असतं. त्या तारखेला एकही प्रमाणपत्र वैध नसतं, म्हणून टीएलएस जुळत नाही. आणि वेळ विचारायची ती टीएलएसवरूनच, अशी रचना असेल तर उपकरण तिथेच अडकून बसतं.

१६. वीज आल्यावर सर्व्हर कोसळतो. एरवी भार काहीच नसतो.

सगळी उपकरणं एकाच क्षणी दार ठोठावतात. १ लाख उपकरणं दहा मिनिटांत पसरली तर सेकंदाला साधारण १६७ जोडण्या होतात. एकाच सेकंदात आली तर १ लाख टीएलएस हस्तांदोलनं. वाढत जाणारी प्रतीक्षा आणि तिच्यात थोडी यादृच्छिकता, हा उपाय सर्वांना माहीत असतो.

अपवाद इथेच आहे. यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्यावरून ते काढले जातात तो सुरुवातीचा आकडा) उठल्यापासून गेलेल्या वेळेवरून घेतलं असेल, तर एकाच क्षणी उठलेल्या सगळ्या उपकरणांना तोच 'यादृच्छिक' आकडा मिळतो. बिजात अनुक्रमांक मिसळा. चाचणीत किमान वीस खरी उपकरणं एका स्विचवर घेऊन त्यांच्या पहिल्या पॅकेटच्या वेळा नोंदवा.

१७. जुन्या उपकरणांशी जमावं म्हणून कमकुवत एन्क्रिप्शन चालू ठेवावं का?

शक्यतो नाही. ठेवावंच लागलं तर त्याला शेवटची तारीख द्या. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेल्या ६० हून अधिक नाव-पासवर्ड जोड्या वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठ्या सेवा बंद पडल्या. सोयीसाठी ठेवलेलं दार एवढं महाग पडतं.

एत्सीच्या ईएन ३०३ ६४५ या मानकात सरसकट एकच पासवर्ड ठेवायला मनाई आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ती कायद्याने लागू झाली. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. चाचणीत एवढं जरूर करा: समोरच्याने कमकुवत पर्याय मागितला तर तुमचं उपकरण निमूटपणे खाली उतरतं का, ते पाहा.

१८. समोरचं उपकरण मानकाबाहेरचं पॅकेट पाठवतं. स्वीकारू की नाकारू?

१९८० च्या आरएफसी ७६१ मध्ये इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक जॉन पोस्टेल यांनी लिहिलं होतं की स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना उदार राहा. त्या सल्ल्याने इंटरनेट उभं राहायला मदत झाली. पण २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये दुसरी बाजू मांडली आहे: चुका मुकाट्याने खपवल्या की त्या रुजतात आणि पुढच्या प्रत्येकाला त्या खपवाव्या लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. विकासाच्या काळात नाकारा आणि मोठ्याने सांगा. ग्राहकाकडे पोचलेल्या उपकरणात, सुरक्षेला धक्का नसेल तर, चालवून घ्या, पण लॉगमध्ये कंपनीचं नाव आणि आवृत्ती नोंदवा आणि त्या कंपनीला कळवा. अनोळखी, नवी फील्डं ही वेगळी गोष्ट आहे. मानकात 'दुर्लक्ष करा' म्हटलं असेल तर दुर्लक्षच करायचं, नाहीतर पुढची आवृत्ती आली की तुमचं उपकरण कोसळेल.

१९. तीन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. दोष कोणाचा हे कसं ठरवायचं?

सांध्यावर बसून. प्रत्येक कंपनीचा लॉग तिच्या समजुतीनुसार लिहिलेला असतो. 'पाठवलं' म्हणजे कित्येकदा फक्त 'रांगेत टाकलं'. म्हणून रेडिओवर स्निफर, तारेवर वायरशार्क (दोन्ही जाणारी-येणारी पॅकेट टिपणारी साधनं) आणि ब्रोकरचा लॉग हे तिन्ही एकाच वेळी घ्या. त्याआधी तिन्ही घड्याळं जुळवा. अर्ध्या सेकंदाच्या फरकाने कारण आणि परिणाम उलटे दिसतात.

मग तीनपैकी एक चित्र निघतं. कोणीतरी मानक मोडलं असेल तर कलमाचा क्रमांक आणि नेमका बाइट पाठवा. अशा पत्राला सहसा लवकर उत्तर येतं. मानकाचे दोन अर्थ निघत असतील तर दोघांना एकत्र बसवा आणि प्रश्न मानक संस्थेकडेही पाठवा, नाहीतर तोच वाद पुढच्या ग्राहकाकडे होईल. तिसरं चित्र सर्वांत अवघड: मानक गप्प आहे आणि प्रत्येकाने आपल्या परीने रास्त गृहीत धरलं आहे. तिथे दोष शोधू नका. ठराव लिहून घ्या आणि त्याची चाचणी तिघांच्याही संचात घाला.

२०. कंपनीने क्लाउड बंद केला तर उपकरणाचं काय? हीसुद्धा चाचणीची गोष्ट आहे का?

हो. मे २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह या स्मार्ट होम हबची सेवा बंद झाली. लोकांच्या घरातलं हार्डवेअर धडधाकट होतं, तरी हब निकामी झाले. इंटरनेटची तार काढा आणि स्विचने दिवा लागतो का पाहा. मग एक दिवस तशीच ठेवा, कारण काही उपकरणं साठवलेल्या टोकनवर तासभर चालतात आणि मग थांबतात.

२१. सगळी उपकरणं बरोबर आहेत, मानक पाळलं आहे, लॉग स्वच्छ आहेत. तरी दिवा आपोआप लागतो-विझतो. आता?

मग दोन बरोबर गोष्टी एकमेकींशी भांडत असणार. एका हबवर नियम आहे, 'खोली अंधारी असेल तर दिवा लावा'. दुसऱ्यावर आहे, 'पुरेसा प्रकाश असेल तर विझवा'. प्रकाशाच्या सेन्सरला त्याच दिव्याचा उजेड दिसतो. दिवा लागला की उजेड, उजेड दिसला की विझव, विझला की अंधार. टेलिफोनच्या क्षेत्रात हा प्रश्न फार पूर्वीच आला होता: लाइन व्यस्त असताना 'कॉल वेटिंग' आणि 'कॉल फॉरवर्ड' दोन्ही चालू असतील, तर नव्या कॉलने कुठे जायचं?

एकेक उपकरण तपासून हे कधीच सापडत नाही. सगळे कंट्रोलर आणि सगळे नियम एकत्र चालू ठेवून पाहावं लागतं. लावण्याची आणि विझवण्याची पातळी यांत पुरेसं अंतर ठेवा. दिव्याच्या स्वतःच्या उजेडाने भरून निघेल एवढं कमी नको. प्रत्येक हुकुमाबरोबर तो माणसाने दिला की नियमाने, आणि कोणत्या कंट्रोलरवरून, हे लिहा. शेवटी एका दिव्यावर तासाभरात आलेले हुकूम मोजा. माणसाने चार वेळा बटण दाबलं असेल आणि लॉगमध्ये चारशे हुकूम असतील, तर त्यातला माणसाचा नसलेला पहिला हुकूम शोधा आणि तो देणारा नियम बंद करून पुन्हा तासभर मोजा.